बांधापलीकडची माशी

फेब्रुवारीतली सकाळ, साडेनऊची वेळ. बुलढाणा जिल्ह्यात माझ्या मामेभावाचा कांदा बियाण्याचा एकरभर प्लॉट आहे. कमरेएवढे डेंगळे उभे होते आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गच्च गोंडा. आदल्या रात्री मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देणाऱ्या पेटीवाल्याचा टेम्पो येऊन गेला होता. बांधालगत विटा मांडून त्यांवर आठ पेट्या ठेवल्या होत्या आणि माश्यांची ये-जा सुरू झाली होती. भाऊ खूश होता. मागच्या वर्षी त्याने पेट्या ठेवल्या नव्हत्या आणि निम्मे गोंडे फोल निघाले होते.

चौथ्या दिवशी दुपारी पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. काही अजून जिवंत होत्या, पाठीवर पडून पाय झाडत, जागच्या जागी गरगरत. बऱ्याच माश्यांची जीभ बाहेर आलेली. पेटीवाला उकिडवा बसला, ओंजळभर माश्या उचलून त्याने उन्हात धरल्या आणि म्हणाला, "औषध लागलंय भाऊ. रोग असता तर असा एका दिवसात दारात ढीग लागला नसता."

औषध कुठलं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या रानात टरबूज होतं, त्यावर सकाळी आठला फवारा झाला होता. शेजाऱ्याने स्वतःच्या शेतात, दुकानातून पावती घेऊन आणलेलं, सरकारमान्य औषध मारलं होतं. त्याला जाब विचारला तेव्हा त्याने साधा प्रश्न केला, "माझ्या वावरात मी फवारू नको का?" यावर भावाकडे उत्तर नव्हतं. खरं तर मधमाश्यांच्या आरोग्याचा सगळा गुंता त्या प्रश्नातच आहे.

आधी कांद्याचं बघू. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात, पराग मोकळा होतो आणि त्यानंतर स्त्रीकेसर तयार होतं. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या स्वतःच्या कामी वेळेवर येत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो आणि वाऱ्याच्या भरवशावर हे काम फारसं होत नाही. म्हणून बीजोत्पादनात माशी लागतेच. पण माशीला कांदा विशेष आवडत नाही. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण जास्त असतं आणि १९७० च्या दशकातच अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की माश्या त्यामुळे कांद्याला टाळत असाव्यात. जवळपास दुसरं काही फुललं असेल तर त्या तिकडेच वळतात. आपल्याकडे काही शेतकरी गोंड्यांवर गुळाचं पाणी शिंपडतात. माश्या येतात हे खरं. पण गूळ पातीवर पडला तर त्या पातीवर बसतात आणि फुलाचं काम तसंच राहतं.

त्या फेब्रुवारीत जवळपास फुललेलं दुसरं काही म्हणजे टरबूज. टरबुजात नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. मादीफूल एकच दिवस उघडतं: उजाडता उजाडता उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात माश्यांच्या निदान सात-आठ भेटी झाल्या नाहीत तर फळ धरत नाही, धरलं तरी एका बाजूला चेपलेलं, वाकडं होतं आणि व्यापारी ते बाजूला काढतो. तेव्हा शेजाऱ्याने सकाळी आठला जे केलं त्यात भावाच्या भाड्याच्या माश्या मेल्या आणि त्याच्या स्वतःच्या टरबुजावर फुकट काम करणारे मजूरही मेले. हाच फवारा संध्याकाळी झाला असता तर फुलं मिटलेली असती आणि माश्या पेटीत परतलेल्या असत्या.

पेटी एकाच्या बांधावर असते आणि माशीचं रान मात्र शेकडो जणांचं असतं. मेलीफेरा या पाश्चात्त्य जातीची माशी चाऱ्यासाठी दोन किलोमीटर सहज जाते, गरज पडली तर त्याहून लांब. दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यात साडेबारा चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे १,२५० हेक्टर, तीन हजार एकरांच्या वर जमीन येते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. वर्तुळातली सगळी जमीन लागवडीखाली धरली तर एका पेटीभोवती नऊशेच्या वर खातेदार होतात. बांध कोरला म्हणून ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालतात, तिथे नऊशे जणांनी एका माशीसाठी एकमेकांना विचारून फवारायचं! ऐकायला चेष्टा वाटते. पण नऊशेपैकी त्या आठवड्यात फुलोऱ्यात असलेलं पीक कितीकांकडे असतं? आणि त्यातले किती जण त्याच आठवड्यात फवारणार असतात? आमच्या बाबतीत असे सहा निघाले. सहा जणांशी बोलता येतं.

विषबाधा कशी होते हे नीट कळलं तर बोलायचं काय तेही कळतं. कामकरी माशी धावपळीच्या हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते. पहिले तीनेक आठवडे ती पेटीत असते: पिल्लांना भरवणं, पोळं बांधणं, दार राखणं. चाऱ्याला बाहेर पडणं हे तिचं शेवटचं काम. एखादीला मकरंदाचं चांगलं रान सापडलं की ती परत येऊन पोळ्यावर नाचते आणि त्या नाचातून दिशा व अंतर बाकीच्यांना सांगते. ही भाषा उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं. एरवी इतकी सुंदर असलेली ही सोय फवाऱ्याच्या दिवशी उलटते, कारण फुललेल्या एका रानाची बातमी पेटीभर पसरलेली असते आणि अनुभवी माश्या झुंडीने तिथेच गेलेल्या असतात. बऱ्याच शेतातच पडतात, त्यांचा ढीग कोणाला दिसत नाही. दारात दिसतात त्या कशाबशा परत आलेल्या.

बाहेरच्या माश्या गेल्या की आतल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावं लागतं. मग पिल्लांना भरवायला कोणी उरत नाही. राणी अंडी घालत असते, पण अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस लागतात आणि ती बाहेर पडण्याजोगी व्हायला आणखी तीन आठवडे. ही सहा आठवड्यांची तूट महिनाभराच्या कांदाफुलीत भरून निघत नाही. पेटीवाल्याचा त्या हंगामाचा मधही गेला आणि पुढच्या गावचं भाडंही.

हा झाला लगेच मारणाऱ्या विषाचा हिशेब. काही औषधं माशीला मारत नाहीत, परागाबरोबर पेटीत जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पिल्लं मरायला लागतात. तोवर कोणी कधी काय फवारलं हे कोणाच्या लक्षातही नसतं.

इथे कृषी सेवा केंद्राचा काउंटर येतो. औषधाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सौम्य, असं सगळेच समजतात. पण तो रंग उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या तीव्र विषारीपणावरून ठरतो. माणसाला किती जपायचं ते तो सांगतो, माशीबद्दल काहीच सांगत नाही. माशीचा इशारा असला तर तो माहितीपत्रकाच्या घडीत, मुंगीच्या अक्षरात. 'जैविक' या शब्दाचंही तेच. स्पिनोसॅड हे जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक सेंद्रिय शेतीतही चालतं, पण त्याचा ओला फवारा माशीला चांगलाच घातक असतो. वाळल्यावर धोका बराच उतरतो. काही औषधांचा असर वाळल्यानंतरही दिवसेंदिवस राहतो. सगळ्यांत वाईट भुकटी: माशीच्या अंगावरच्या केसांना ती परागासारखी चिकटते आणि माशी ती पराग समजून घरी नेते.

आणि आपली 'टाकी'. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि स्टिकर एकाच पंपात घालायची सवय. मजुरी वाचते, पंप एकदाच पाठीला लागतो. या सवयीने काय होतं त्याचा मोठा धडा कॅलिफोर्नियात मिळाला.

आपल्या दिवाळीच्या डब्यातला बदाम बहुधा तिथलाच असतो. जगातल्या दर पाच बदामांपैकी सुमारे चार कॅलिफोर्नियात पिकतात आणि भारत त्यांचं मोठं गिऱ्हाईक आहे. बदामाच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, म्हणून दर फेब्रुवारीत अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून ट्रक भरून पेट्या तिथे जातात. एकरी दोन या हिशेबाने वीस लाखांहून जास्त पेट्या लागतात, म्हणजे त्या देशातल्या बहुतांश पेट्या महिनाभर एकाच राज्यात. २०१४ च्या बहरात मधपाळांना पेट्यांमध्ये मेलेली, अर्धवट वाढलेली पिल्लं दिसायला लागली. सुमारे ८० हजार पेट्यांना झळ बसल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. बहरात पाऊस झाला की बुरशी येते, त्यामुळे बुरशीनाशक मारावंच लागतं. ट्रॅक्टर फिरतोच आहे तर त्याच टाकीत अळीचं औषधही टाकून घ्यावं, असं बागायतदार करत होते. दोन्ही औषधं एकेकटी माशीला सुरक्षित समजली जात होती.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर प्रयोगशाळेत ही मिश्रणं तपासली. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल हे अळीनाशक आणि प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक एकत्र आलं की माशीला आणि तिच्या पिल्लांना होणारा अपाय एकेकट्या औषधापेक्षा स्पष्टपणे वाढत होता. माशीच्या शरीरात विष मोडून टाकणारी विकरं असतात, आणि या गटातली बुरशीनाशकं ती विकरंच अडवतात. ही दोन्ही नावं आपल्या दुकानांतही रोजची आहेत.

मला मोलाचं वाटतं ते २०१४ च्या त्या बहरानंतर घडलं. बदाम उत्पादकांच्या मंडळाने त्याच वर्षी मधमाश्यांसाठी नियमावली छापली. बहरात टाकीत कीटकनाशक घालू नका. बुरशीनाशक मारायचंच तर उशिरा दुपारनंतर किंवा रात्री, माश्या बाहेर नसताना आणि पराग मोकळा नसताना. शिवाय कोणी कोणाला काय कळवायचं याची साखळीच त्यात लिहून काढली: मधपाळ, दलाल, बागमालक, व्यवस्थापक, कीड सल्लागार आणि प्रत्यक्ष फवारणारा. यातला शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा, कारण टाकीचं झाकण त्याच्या हातात असतं आणि करार मात्र मालकाने केलेला असतो. तिथे कायद्यानेही आधार दिला आहे. मधपाळाने पेट्या कुठे ठेवल्या याची नोंद काउंटीच्या कृषी आयुक्ताकडे करायची आणि मागणी केली असेल तर त्याला एक मैलाच्या आत फुलोऱ्यातल्या पिकावर माशीला विषारी औषध मारण्याआधी ४८ तास सूचना मिळते. २०१९ पासून ही नोंद संगणकावर नकाशासकट होते. २०१४ मध्येच तिकडे मधपाळ, शेतकरी, शास्त्रज्ञ, सरकारी खाती आणि औषध कंपन्या यांची एक संयुक्त आघाडीही उभी राहिली. औषध कंपनीने मधमाशीच्या आरोग्याच्या टेबलावर बसावं हे कोणालाही खटकेल, मलाही खटकतं. पण लेबल त्यांच्या हातात आहे, तेव्हा त्यांना दाराबाहेर ठेवून लेबलवरची अक्षरं मोठी कशी होणार तेही कळत नाही.

युरोपातलं उदाहरण आणखी वेगळं. २००८ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याच्या पेरणीच्या वेळी साडेअकरा हजारांच्या आसपास वसाहतींना विषबाधा झाली. फवारा कोणी मारलाच नव्हता. बियाण्याला लावलेलं क्लोथियानिडिन नीट चिकटलेलं नव्हतं, हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणी यंत्रातून त्याची धूळ उडाली आणि शेजारच्या फुलांवर बसली. म्हणजे बियाणं कंपनी आणि यंत्र बनवणारा हेही या गोष्टीतले भागीदार. २०१८ मध्ये युरोपीय संघाने क्लोथियानिडिनसह तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. त्यांतली उरलेली दोन, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथॉक्झाम, ही आपल्याकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ नावं आहेत.

सगळा दोष औषधावर ढकलला की मात्र पेटीवाल्यांची सुटका फार सहज होते. पेट्या गावोगाव फिरतात तेव्हा त्यांच्याबरोबर रोगही फिरतात. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूची साथ आली आणि सातेरी या आपल्या आशियाई माशीच्या बहुतेक पाळीव वसाहती तिने पुसून टाकल्या. या रोगात पिल्लू कोषात जाण्याआधीच मरतं आणि पाणी भरलेल्या पिशवीसारखं होतं. आजवर त्यावर औषध नाही. रोगट वसाहत बाजूला काढणं आणि दुसऱ्या पेटीशी तिचा संबंध येऊ न देणं एवढंच हातात असतं. मेलीफेराच्या पेट्यांत व्हॅरोआ ही गोचिडीसारखी परजीवी माइट असते. ती मूळची आपल्या आशियाई माशीवरची. आशियाई माशीने तिच्याशी जमवून घेतलं आहे, पण पाश्चात्त्य मेलीफेरावर ती उडी मारून जगभर पसरली. त्यातच कमजोर, अर्ध्या रिकाम्या पेट्या आणून ठेवणारे आणि नगावर भाडं घेणारेही आहेत. पेटी उघडून किती चौकटी माश्यांनी भरल्या आहेत ते मोजून भाडं ठरवावं. कॅलिफोर्नियात करार असाच होतो. आपल्याकडे बहुतेक शेतकरी झाकण उघडायलाच घाबरतो.

माशीच्या पोटाचं काय, हा प्रश्न तर सहसा कोणी विचारतच नाही. कांदा संपला की तिने खायचं काय? पूर्वी बांधावर बोर, बाभूळ, करंज, तरवड, शेवगा असायचे; कारळं आणि सूर्यफुलाचे पट्टे असायचे. राज्यात सूर्यफुलाचं क्षेत्र आता नाममात्र उरलं आहे आणि बांध तणनाशकाने पिवळे पडलेले दिसतात. एकाच पिकाचा पराग महिनाभर खाऊन माशीचं पोषण होत नाही, जसं नुसत्या भातावर आपलं होत नाही. उपाशी माशीला विषही लवकर लागतं आणि रोगही. करंज मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, नेमका कांद्याची फुलं संपताना. बांधावर चार करंज असले तर पेटीवाल्याची साखर वाचते, पण ते लावायला बांधाच्या दोन्ही मालकांची हो लागते.

फुकट राबणाऱ्या माश्यांना तर कोणी वालीच नसतो. गावच्या पाण्याच्या टाकीला लटकलेली आग्या मोहोळं शेतात मोठं काम करतात, आणि अनेक गावांत कोणाला एखादा डंख झाला की रात्री टेंभा लावून ती जाळली जातात. सकाळी टाकीखाली भाजलेल्या माश्यांचा थर झाडून काढताना, उरलेल्या हंगामाचं परागीभवन आता कोण करणार हे कोणी विचारत नाही.

महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला मे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला, देशातलं पहिलं. बहुसंख्य घरं मधपाळीत असल्याने तिथे माशी हा गावाचाच विषय आहे. तिकडचं कौतुक करताना एवढं ध्यानात ठेवावं की मांघरभोवती जंगल आहे, जांभूळ आणि हिरडा आहे. आमच्याकडे भोवती टरबूज, मका आणि कांद्यावरचे फुलकिडे आहेत. मांघरचा फलक आणून इथे लावला म्हणून काही होणार नाही. इथे हवी ती साधी फोनची साखळी.

ती कशीबशी उभी राहिली. पुढच्या हंगामात पेट्या यायच्या आधी भावाने त्या सहा जणांना फोन केले. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधीच करून घ्यायचा. फुलोऱ्यात फवारायची वेळ आलीच तर दिवस मावळल्यावर, एकच औषध, टाकीत भेसळ नाही. आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत भावाला नाही तर थेट पेटीवाल्याला कळवायचं. कळवलं की पेटीवाला रात्री माश्या आत आल्यावर दाराला जाळी लावतो, पेटीवर ओलं गोणपाट टाकतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढतो. त्यापुढे कोंडता येत नाही, उष्म्याने माश्या आतच मरतात. कृषी सेवा केंद्रवाल्यानेही काउंटरवर एक वही ठेवली: औषध नेणाऱ्याला तो विचारतो, पीक फुलात आहे का, आणि शेजारी पेट्या आहेत का. त्याने हे माश्यांच्या प्रेमाने केलं असं म्हणता येणार नाही. कांदा बियाण्याचे शेतकरी त्याची मोठी गिऱ्हाइकं आहेत. दोनदा फोन आला, एकदा आला नाही. न आलेल्या दिवशी सुदैवाने ढगाळ होतं आणि माश्या फारशा बाहेर पडल्याच नव्हत्या.

यंदा टरबूजवाल्या शेजाऱ्याने स्वतःहून सुचवलंय की पेट्या दोघांच्या बरोबर मधल्या बांधावर ठेवाव्यात. भावाची हरकत नाही. पेट्यांचं भाडं कोणी किती द्यायचं यावर मात्र दोघांचं अजून बोलणं चालू आहे.